नाव जागेचं, नाव क्रमाचं, नाव अंगचं



फलकावरचा विषय वाचून काही जणांच्या कपाळावर आठ्या पडलेल्या आम्हाला इथून दिसतायत. साठवणीच्या यंत्रातली डिस्क बदलली की तिचं नाव का बदलतं, हा प्रश्न संगणकवाल्यांचा. त्यात तत्त्वज्ञानाच्या निवृत्त मास्तराचं काय काम? काम आहे. नाव म्हणजे काय, ते कशाला चिकटतं आणि वस्तू बदलली तर नावाने काय करावं, हा आमच्या विषयातला दोन-अडीच हजार वर्षांचा प्रश्न आहे. आम्ही जन्मभर तो फळ्यावर शिकवला. यंत्रवाल्यांना मात्र तो रात्री दोन वाजता, हातात स्क्रू-ड्रायव्हर घेऊन सोडवावा लागतो, आणि उत्तर चुकलं तर माहिती जाते. म्हणून त्यांनी काय काय केलं, त्याचा इतिहास आज पाहू.

सुरुवात आपल्या गावापासूनच करू. कर्जत म्हटलं की परगावचा माणूस विचारतो, "म्हणजे मुंबई-पुणे लाइनवरचं का?" मग आपण म्हणायचं, नाही हो, ते रायगडचं, आमचं नगरचं, राशीन-सिद्धटेकवालं. एक नाव, दोन गावं. पूर्वी पाकिटावर 'जि. अहमदनगर' ठळक लिहावं लागे, आणि तरी पत्र कधी कधी घाट उतरून खाली जाऊन यायचं. यावर उपाय काढणारा माणूस मराठीच होता. श्रीराम भिकाजी वेलणकर, टपाल खात्यातले मोठे अधिकारी आणि संस्कृतचे पंडित कवी. त्यांच्या योजनेतून १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड सुरू झाला. आपलं कर्जत ४१४४०२, रायगडचं ४१०२०१. दोन्हींचे पहिले दोन आकडे सारखे, तिसऱ्या आकड्याला वाटा फुटतात. वेलणकरांनी गावाचं नाव बदललं नाही, नावाच्या शेजारी एक आकडा ठेवला आणि 'कुठलं कर्जत' हा प्रश्न कायमचा मिटवला. संस्कृतच्या माणसाला हे सुचावं याचं आम्हाला नवल वाटत नाही. शब्द आणि अर्थ यांचं नातं नित्य की मानलेलं, यावर मीमांसक आणि नैयायिक शतकानुशतकं भांडलेले आहेत.

आता यंत्राकडे. ज्यांना माहीत आहे त्यांनी दोन मिनिटं सोसावं. 'पूल' म्हणजे नदीवरचा नव्हे; भिशीत जसे सगळ्यांचे पैसे एकत्र होतात तशा अनेक डिस्कांच्या जागा एकत्र करून एकच साठा करायचा, तो पूल. आणि 'मिरर' म्हणजे जे लिहायचं ते दोन डिस्कांवर एकाच वेळी लिहायचं. एक डिस्क गेली तरी दुसरीवर सगळं शाबूत. आरसा हा शब्द थोडा फसवा आहे, कारण आरशात एक खरं असतं आणि एक प्रतिबिंब. इथे दोन्ही खऱ्या. जुळ्या बहिणी म्हणा. एक गेली की तिच्या जागी नवी आणायची, आणि राहिलेली बहीण आपल्याजवळचं सगळं नवीला देते. या क्रियेला यंत्रवाले 'रिसिल्व्हर' म्हणतात, आरशामागचा चांदीचा मुलामा पुन्हा चढवणं. आम्ही आपलं कल्हई म्हणतो.

ही कल्पना जुनी आहे. टँडम या अमेरिकन कंपनीने १९७६च्या सुमारास न थांबणारे संगणक काढले, त्यांत डिस्कांच्या जोड्या होत्या. १९८८ मध्ये बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी स्वस्त डिस्कांची फौज कशी उभी करावी यावर निबंध लिहिला आणि त्यात जोडीच्या या रचनेला पहिली पायरी म्हटलं. तिलाच आज लोक 'रेड वन' म्हणतात. बाजारात आज दोन कप्प्यांची डबी मिळते तिचं मूळ तिथे आहे.

पण दोन डिस्क आल्या की लगेच प्रश्न येतो: कोणती कोणती?

आयबीएमची पहिली व्यापारी डिस्क, १९५६ची रॅमॅक, कपाटाएवढी. चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्या, आणि मावणार पन्नास लाख अक्षरं. ती उचलून कुणी दुसरीकडे लावील ही शक्यताच नव्हती. जी तिथे आहे ती डिस्क. देवळातल्या मूर्तीला आपण क्रमांक देतो का? पुढे यंत्रं लहान झाली, एका संगणकाला चार-आठ लागू लागली, तसे क्रमांक आले. डेक कंपनीच्या काही मोठ्या डिस्कयंत्रांच्या तोंडावर आकडा लिहिलेली एक खुंटी असे. '०' लिहिलेली खुंटी ज्यात खोचली ते यंत्र शून्य. काढून शेजारच्यात खोचली की शेजारचं शून्य. आम्हाला ही रचना फार आवडते, कारण नाव म्हणजे वस्तू नव्हे, नाव हातात धरता येणारी वेगळी वस्तू आहे, हे कुणी इतक्या सरळ दाखवलेलं नाही. आमच्या वर्गात अशी एक खुंटी असती तर फ्रेगेवरचे आमचे चार तास वाचले असते.

बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स बांधलं. १९७१च्या पहिल्या हस्तपुस्तिकेतच 'डेव्ह' नावाच्या दालनात यंत्रांची नावं फाइलींसारखी मांडलेली दिसतात. आरके-शून्य, आरएफ-शून्य अशी. आधी यंत्राचा प्रकार, मग क्रमांक. इकडे छोट्या संगणकांत गॅरी किल्डॉल यांनी १९७४ मध्ये सीपीएम लिहिताना अक्षरं वापरली, ए, बी. ती त्यांनी आयबीएमच्या जुन्या पद्धतीतून घेतली होती. आज आपल्या घरच्या संगणकात 'सी ड्राइव्ह' पासून सुरुवात होते. ए आणि बी गेले कुठे, हे मुलं विचारतात. ते फ्लॉपीचे होते. फ्लॉपी गेल्या, जागा रिकाम्या राहिल्या, सी मात्र सीच राहिला. वाड्यातली पहिली दोन बिऱ्हाडं सोडून गेली तरी तिसऱ्याला आपण 'तिसरं बिऱ्हाड'च म्हणतो, तसं.

इथे खरी मेख आहे, जरा सावकाश सांगतो. नावं तीन जातींची असतात.

पहिलं जागेचं नाव. 'तहसीलदार' ही पाटी. खुर्चीत कोण बसलं आहे याच्याशी पाटीचं देणंघेणं नाही. बदली झाली, नवे साहेब आले, पाटी तीच. सन कंपनीच्या सोलारिसमध्ये डिस्कांची नावं अशी होती: कोणता नियंत्रक, त्यावरचं कितवं ठिकाण, त्यातली कितवी डिस्क. त्या ठिकाणची डिस्क काढून नवी लावली तर नवीला तेच नाव. लिनक्समध्येही जुन्या रुंद केबलींच्या काळात असंच होतं. एचडीए, एचडीबी, एचडीसी, एचडीडी. पहिल्या केबलीवरचे दोन आणि दुसऱ्या केबलीवरचे दोन. एचडीबी नसली तरी एचडीसी एचडीसीच.

दुसरं क्रमाचं नाव. शाळेतला हजेरीपट आठवा. आडनावांच्या क्रमाने नंबर. सातवा मुलगा शाळा सोडून गेला की पुढच्या वर्षी आठवा सातवा होतो, नववा आठवा. त्या पोरांनी काही केलेलं नसतं, तरी त्यांची नावं बदलतात. लिनक्समध्ये स्कझी डिस्कांना एसडीए, एसडीबी ही नावं अशी मिळत: यंत्र चालू होताना जी आधी सापडली ती ए, नंतरची बी. पुढे साटाच्या बारीक केबली आल्या, २००७च्या आसपास बहुतेक लिनक्सनी जुन्या केबलींच्या डिस्कांनाही याच रांगेत उभं केलं, आणि जागेचं नाव जाऊन सगळीकडे क्रमाचं नाव आलं. फ्रीबीएसडीने २०१२च्या नवव्या आवृत्तीत असंच केलं: पूर्वी ठिकाणावरून एडी-४ म्हणवली जाणारी डिस्क नव्या मोजणीत एडीए-० झाली. तिघांतलं हे नाव सगळ्यात वाईट. का? कारण यात एकाच्या मरणाने दुसऱ्याचं नाव बदलतं.

तिसरं अंगचं नाव. गाडीच्या चासीवर ठोकलेला नंबर. गाडी विकली, रंगवली, नंबरप्लेट बदलली, तरी चासी नंबर तोच. प्रत्येक डिस्कवर कारखान्यातून आलेला अनुक्रमांक असतो, आणि बहुतेकींना जगभरात एकमेव असा चौसष्ट बिटांचा आकडाही असतो.

आता हे फक्त यंत्राचं दुखणं आहे असं समजू नका. भीमेच्या पलीकडे इंदापूर तालुका. १८३५-३६च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन इंग्रज अधिकाऱ्यांनी तिथे जमिनीची नवी मोजणी सुरू केली, कारण त्याआधीच्या प्रिंगलच्या आकारणीने रयत गाव सोडून पळू लागली होती. शेताला दगड, बांध, नकाशा आणि क्रमांक; हीच पद्धत पुढे सगळ्या मुंबई इलाख्यात पसरली. तो आपला सर्व्हे नंबर. पण वारस वाढले, पोटहिस्से पडले, एका नंबरात दहा तुकडे झाले. मग १९४७चा तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाचा कायदा आला, आणि जिथे योजना राबवली गेली तिथे सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. आपल्या जिल्ह्यातल्या कितीतरी गावांत आज सातबाऱ्यावर गट नंबर आहे आणि आजोबांच्या खरेदीखतावर सर्व्हे नंबर. जमीन तीच, बांधावरची बाभळ तीच. पण कोर्टात उभं राहिलं की वकील पहिला प्रश्न विचारतो, हा गट म्हणजे तोच सर्व्हे कशावरून? मग जुना-नवा मेळ दाखवणारं एकत्रीकरणाचं पत्रक शोधायचं. ते सापडलं तर दावा चालतो. नाही सापडलं तर दोन पिढ्या तारखांना जातात. या सभागृहात अशी माणसं बसलेली असतील, त्यांना आम्ही काय वेगळं सांगावं.

अलीकडे सरकारने 'भू-आधार' आणला, चौदा स्थानांचा ओळखक्रमांक. तो शेताच्या कोपऱ्यांच्या अक्षांश-रेखांशांवरून काढतात. म्हणजे हेही जागेचंच नाव. पण इथे ते बरोबर आहे, कारण जमिनीची जागा हीच जमिनीची ओळख, ती उचलून कुणी दुसरीकडे लावत नाही. डिस्क लावतात. म्हणून डिस्कला जागेचं नाव एकटं पुरत नाही.

तर क्रमाच्या नावाने लोक हैराण झाले, तेव्हा सुधारणा झाल्या. २००३ मध्ये ग्रेग क्रोह-हार्टमन यांनी लिनक्ससाठी 'यूडेव्ह' आणलं. त्याच्या नियमांतून लवकरच एकाच डिस्कला अनेक नावांनी हाक मारायची सोय झाली: ओळखीवरून, वाटेवरून, तिच्यावर लिहिलेल्या खुणेवरून. विष्णूची हजार नावं असतात, यांनी चारावर भागवलं. एसडीए हे नाव मेलं नाही, पण त्यावर भरवसा ठेवू नका असं सांगितलं गेलं. फ्रीबीएसडीतही विभागांच्या ओळखक्रमांकावरून डिस्क ओळखायची सोय आली.

आणि सन कंपनीत जेफ बॉनविक आणि मॅथ्यू आरन्स यांनी २००१ मध्ये सुरू केलेली, २००५ मध्ये खुली झालेली झेडएफएस. ही आम्हाला सगळ्यांत विचारी वाटते. हिने प्रश्नच वेगळा धरला. डिस्कला बाहेरचं जग काय म्हणतं ते बाजूला ठेवा. डिस्कच्या पोटातच लिहून ठेवू की तू कोण आणि कोणत्या घरची. प्रत्येक डिस्कवर ही जन्मपत्रिका चार ठिकाणी लिहिलेली असते, दोन सुरुवातीला, दोन शेवटाला, म्हणजे एक टोक खराब झालं तरी दुसरं वाचता यावं. तीत पूलचा क्रमांक, जोडीचा क्रमांक आणि स्वतःचा क्रमांक. एकेक आकडा एकोणीस-वीस आकडी. बाहेरचं नावही त्यात नोंदलेलं असतं, पण केवळ शोधायला सोपं जावं म्हणून. घरमालकाने "ते? ते बहुधा मागच्या गल्लीत असतील" म्हणावं, तेवढीच त्याची किंमत.

यामुळे काय होतं पाहा. डिस्का काढून उलटसुलट केबलींना लावल्या, यंत्र बदललं, तरी पूल स्वतःला ओळखतो. नावं बदललेली दिसतात, माहिती जागेवर. आणि एखादी डिस्क नाहीशी झाली, तर अहवालात तिच्या जागी तो लांबलचक क्रमांक दिसतो आणि पुढे इंग्रजीत एक शब्द येतो, त्याचा अर्थ 'पूर्वी अमुक होती'. आम्ही हे प्रथम पाहिलं तेव्हा थबकलो. मराठीत याला नेमका शब्द आहे, पूर्वाश्रमीची. 'पूर्वाश्रमीच्या कुलकर्णी.' आपल्याकडे लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवीन नाव लिहितात आणि एका बाईची पहिली वीस-पंचवीस वर्षं कागदोपत्री दुसऱ्याच कुणाची होऊन बसतात. दाखला एका नावाचा, पासबुक दुसऱ्या. माहेरच्या जमिनीत वारस लावायची वेळ आली की तलाठ्यापुढे सिद्ध करायचं, ती मी आणि ही मी एकच. राजपत्रात नाव छापून आणायचं. यंत्राने निदान 'पूर्वी अमुक' ही ओळ स्वतःहून लिहिली, बाईला ती लिहून आणायला रांगेत उभं राहावं लागतं.

आता फलकावरच्या नेमक्या प्रश्नाकडे. आम्ही ज्या लहानशा मंडळाबरोबर काम करतो, तिथे आसपासच्या गावांतल्या म्हाताऱ्यांच्या ध्वनिमुद्रित आठवणी आणि आयाबायांच्या ओव्या साठवलेल्या आहेत. त्यातल्या काही आवाजांच्या धनिणी आता नाहीत. पुन्हा मुद्रण करायचं म्हटलं तर कुणाकडे जाणार? तो साठा दोन डिस्कांच्या जोडीवर आहे. तिथली एक डिस्क गेली. आमच्या तरुण सहकाऱ्याने नवी लावली, कल्हई झाली, पूल पुन्हा धडधाकट. पण यादी पाहिली तर एका डिस्कचं नाव लांबलचक ओळखक्रमांक आणि दुसरीचं नुसतं एडीए-१. तो म्हणाला, "सर, जुळ्या बहिणींत एकीचं नाव पूर्ण आणि एकीचं नुसतं बाळ, असं कसं?"

उत्तर साधं होतं. पहिली डिस्क पूल बांधताना ओळखक्रमांकाने सांगितली होती. नवी बदलताना आज्ञेत 'एडीए-१' असं लिहिलं गेलं. ज्या नावाने हाक मारली ते नाव यंत्राने नोंदवलं. त्यात बिघाड काही नाही. पूलच्या लेखी ओळख पोटातल्या क्रमांकाची आहे.

मग घाबरायचं कशाला? कारण काही महिन्यांनी अहवालात चुका दिसू लागल्या, आणि त्या एडीए-१वर. आता मधल्या काळात आणखी एक डिस्क दुसऱ्या कामासाठी त्याच यंत्राला जोडली गेली होती, यंत्र बंद-चालू झालं होतं. आज जी एडीए-१ आहे ती त्या दिवशीचीच आहे का? पेटीच्या कप्प्यांवर तर कुणीही नावं लिहिलेली नसतात. समजा, कप्पा उघडून अंदाजाने एक ओढली, आणि ती धडकी निघाली. हातात चांगली डिस्क, यंत्रात आजारी. जोडीने जे वाचवायचं ते आपल्या हाताने घालवायचं. जगभर डिस्क मरण्यापेक्षा चुकीची डिस्क ओढल्याने घाबरगुंडी उडण्याचे किस्से यंत्रवाले जास्त सांगतात.

सहकाऱ्याने घाई केली नाही. यंत्राला विचारलं, आज ज्याला तू एडीए-१ म्हणतोस तिच्या अंगावरचा अनुक्रमांक काय? तो कागदावर उतरवला. मग यंत्र बंद केलं आणि डिस्कांवरच्या चिकटपट्ट्या चष्मा लावून वाचल्या. शेवटचे चार अंक जुळले, ती ओढली. नंतर पूल रीतसर बाहेर काढून, म्हणजे एक्सपोर्ट करून, ओळखीच्या नावांनी पुन्हा आत घेतला. लिनक्सवर हे सोपं आहे: आत घेताना 'बाय-आयडी' या दालनात शोध असं सांगायचं. यादीत सगळ्या नावांचा सूर एक झाला. माहितीच्या एका अक्षरालाही हात लागला नाही.

कुणीतरी मागून विचारतंय, दोन्ही डिस्क एकेक करून बदलल्या तर तो पूल जुनाच म्हणायचा का. छान! आम्ही याचीच वाट पाहत होतो. प्लुटार्कने लिहून ठेवलं आहे की अथेन्सच्या लोकांनी थिसियसचं तीस वल्ह्यांचं जहाज जपलं, फळी कुजली की नवी बसवली, आणि तत्त्वज्ञ भांडत राहिले की हे तेच जहाज की दुसरं. आपल्याकडे मिलिंदपञ्हमध्ये भिक्खू नागसेन ग्रीक राजा मिलिंदाला विचारतात, रथ म्हणजे आस का, चाकं का, जू का? यापैकी काहीच नाही. तर 'रथ' हा या सगळ्यांच्या आधाराने चाललेला व्यवहार, नुसतं नाव. झेडएफएसचं उत्तर नागसेनांच्या जवळ जातं. दोन्ही डिस्क बदला, आधीपेक्षा मोठ्या लावा. पूलचा क्रमांक तोच राहतो. त्यात मूळचं लोखंड कणभर उरलेलं नसतं. डिस्कचा स्वतःचा क्रमांक मात्र नवीबरोबर नवा येतो, जुनीचा तिच्याबरोबर जातो. म्हणजे जोडीचं नाव गादीसारखं, सभासदाचं नाव माणसासारखं. दोन्ही एकाच यंत्रात, एकमेकांत न मिसळता.

१६५५ मध्ये हॉब्जने या कोड्याला आणखी पीळ दिला. काढलेल्या जुन्या फळ्या कुणी जमवल्या आणि त्यांचं जहाज बांधलं, तर खरं कोणतं? यंत्रवाल्यांना हा पीळ खरोखर पडतो. जोडीतली एक डिस्क नुसती ओढून दुसऱ्या यंत्राला लावली तर तीही म्हणते, मीच तो पूल. पोटात पत्रिका तीच आहे ना. एकाच यंत्रात दोघांना एकाच वेळी उभं करू देत नाहीत, एवढा शहाणपणा आहे. आणि मुद्दामच वेगळं व्हायचं असेल, तर 'स्प्लिट' अशी रीतसर आज्ञा आहे, तीत वेगळ्या झालेल्याने नवं नाव घ्यायचं आणि त्याला क्रमांकही नवा मिळतो. भाऊ वेगळे झाले की रेशनकार्ड वेगळं. हॉब्जला हे उत्तर पटलं असतं की नाही सांगवत नाही, पण कामापुरतं ते चोख आहे.

सॉल क्रिपकी यांनी जानेवारी १९७० मध्ये प्रिन्स्टनला नावांवर तीन व्याख्यानं दिली, हातात टिपणं न घेता; ती ध्वनिमुद्रणावरून उतरवून पुढे छापली. तुम्ही आत्ता जे ऐकता ते उद्या असंच उतरवलं जाणार, म्हणून सांगतो. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: नाव म्हणजे वर्णनाचं गाठोडं नव्हे. 'पहिल्या केबलीवरची डिस्क' हे वर्णन, ते आज हिला लागू, उद्या तिला. खरं नाव एकदा ठेवलं की माणसांच्या साखळीतून पुढे जातं आणि त्याच वस्तूकडे बोट दाखवत राहतं. फक्त त्यांनी साखळी तुटण्याची काळजी फारशी केली नाही. आमचा अनुभव असा की व्यवहारात साखळीच तुटते. पत्रक हरवतं, चिकटपट्टी पुसट होते.

आपल्या जिल्ह्याचं आपण पाहतोच आहोत. मलिक अहमदने १४९०च्या सुमारास वसवलेलं नगर. २०२३च्या मे महिन्यात चौंडीला घोषणा झाली, २०२४च्या ऑक्टोबरात अधिसूचना निघाली, आणि आपण अहिल्यानगर झालो. नाव कोणतं हवं होतं यावर आज आम्ही बोलणार नाही, त्यासाठी दुसरी सभागृहं आहेत. पण गाडीवर एमएच १६ तसंच आहे, हे लक्षात घ्या. आपल्या कर्जतचा पिनही तोच. नाव बदलताना ज्यांनी आकडे हलवले नाहीत त्यांनी फार मोठं काम केलं. नाहीतर प्रत्येक गाडीवाल्याला आरटीओच्या दारात सिद्ध करावं लागलं असतं की ही गाडी पूर्वाश्रमीची तीच.

ज्यांच्या दुकानात, पतसंस्थेत किंवा शाळेत अशी पेटी आहे त्यांच्यासाठी शेवटचं. पेटी नवी असतानाच, म्हणजे सगळं नीट चाललेलं असताना, प्रत्येक कप्प्यावर त्यातल्या डिस्कच्या अनुक्रमांकाचे शेवटचे चार अंक चिकटवा. एक वही ठेवा: तारीख, कोणत्या कप्प्यातून कोणती काढली, कोणती लावली, यंत्र तिला काय म्हणतं. तलाठ्याच्या फेरफाराच्या वहीसारखी. जागेचं नाव कप्प्यावर, अंगचं नाव वहीत, आणि दोन्हींचा मेळ एका ओळीत. क्रमाचं नाव लिहू नका. आणि जोडी म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली फाइल दोन्ही बहिणी एकाच क्षणी पुसतात. तिसरी प्रत दुसऱ्या छपराखाली असू द्या.

हो, काढलेल्या जुन्या डिस्कचं काय करायचं, हा प्रश्न चिठ्ठीवर आला आहे. भंगारवाल्याला तशीच देऊ नका. तिच्या पोटात पत्रिका अजून आहे, आणि तुमची माहितीही. चालत असेल तर पूर्ण पुसा. दुसऱ्या कामाला वापरायची असेल तर आधी तिच्यावरच्या जुन्या खुणा काढायची आज्ञा द्या, तिला 'लेबल-क्लिअर' म्हणतात; ती देताना पुन्हा अनुक्रमांक वाचा. आणि चालतच नसेल, तर हातोडा आहेच.